पेटीवरचा षड्ज

क्षिप्रा भूमितीचं प्रमेय तोंडी घडाघडा सिद्ध करी आणि साध्या वजाबाकीत अडून बसे. त्रेसष्टचे छत्तीस व्हायचे, हातचा कुठे गेला ते तिलाच कळायचं नाही. घड्याळाचंही तसंच. म्हणून तर अनीश, तिचा बाप, किती वाजले ते मुद्दाम तिलाच विचारायचा.

शाळेतल्या रचनाबाईंनी अनीशला बोलावून सांगितलं, "हा आळस नव्हे. सोमवारी अलिबागला सरकारी रुग्णालयात तपासणी करून दाखला आणा. दहावीला तिला जादा वेळ आणि कॅल्क्युलेटर मिळेल. नाहीतर गणितात राहील हो पोरगी."

"आमच्या घरात असल्या टेकूवर कुणी पास झालेलं नाही," घरी येऊन अनीश म्हणाला. क्षिप्रा दप्तर उचलून आत गेली.

नवरात्र चालू होतं. दुपारी देवीच्या देवळात गोदूआत्याचं कीर्तन होतं आणि पेटीला नेहमीसारखा तिचा भाचा, अनीश. आत्याचा गळा अजून गोड, पण वयामुळे निरूपणाच्या ओघात सूर निसटायचा. मग ती हातातली झांज जरा खाली करी आणि अनीश हळूच षड्ज धरी. ही दोघांतली खूण. देवळात कुणाला पत्ता नसे.

पूर्वरंग झाला, आत्याला बुक्का लागला, हार पडला. आख्यान रंगात आलं आणि झांज खाली झाली. अनीशचं बोट पट्टीवर गेलं नि तिथंच थबकलं. समोर खांबाशी क्षिप्रा बसली होती. टेकू हा आपलाच शब्द त्याला आठवला.

आत्याने वाट पाहिली. मग श्रोत्यांना म्हणाली, "आमच्या पेटीचाही आज उपास दिसतोय."

मंडप हसला. अनीशने घाईघाईने सूर दिला. आत्याने डोळे मिटून तो असा उचलला, की लेकराने अंबेला मारलेली हाकच वाटावी. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

आरती झाल्यावर आत्याने त्याला गाठलं. "झोप लागली होती काय रे?"

"नाही. मनात आलं, मी सूर देतो, हे लोकांना कळलं तर?"

"तर काय? कीर्तन तू केलंस की मी?"

"तूच की."

"मग घे प्रसाद," म्हणून आत्याने त्याच्या हातावर खोबरं ठेवलं.

त्यातलं अर्धं त्याने घरी जाताना क्षिप्राला दिलं. "सोमवारी अलिबागला जायचंय. माणगावला गाडी बदलावी लागेल."

ती चालता चालता थांबली. "किती वाजता उठू?"

"मी उठवीन," अनीश म्हणाला.