एकवीस खिसे

दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत माझ्या लेकीला, वर्षाराणीला, रोज एक खाऊ मिळावा, म्हणून मी जुन्या लुगड्यांचे एकवीस खिसे एका पट्टीवर शिवले. पट्टी दरवर्षी वापरायची होती. तिथी सासूबाईंनी बोटांवर मोजल्या. पण एक तिथी दोन दिवस आली आणि लक्ष्मीपूजनाच्या सकाळी सगळे खिसे रिकामे निघाले. वर्षाराणी रडायच्या बेतात.

"आजी, तू चुकलीस!"

"तिथी दोन दिवस बसली, मी काय करू? आजचा खिसा माझ्यापाशी हाय. शोध मंग!"

वर्षाराणीने आजीच्या कनवटीत हात घातला. गुदगुल्यांनी किंचाळत सासूबाई अंगणभर पळाल्या, नात मागे. अखेर शेंगदाण्याच्या वडीचा चुरा हाती लागला.

"आई, पुढच्या वर्षीही एक खिसा कमीच ठेव!"