दोन रिळे

रंगमास्तराला कापडाच्या रंगशाळेतून काढले ते मेहुण्याच्या एका वाक्याने. मागणी तपकिरीची असताना कापड हिरवे निघाले. मास्तराने रंगवले ते तिथला कारभार पाहणाऱ्या मेहुण्यानेच पास केलेल्या नमुन्याबरहुकूम, पण मालकापुढे तो बेधडक म्हणाला, "साल्याची नजर गेलीय." तेव्हापासून मास्तर एका दुकानात रंगाचे डबे ढवळत होता आणि राखेखाली निखारा जपावा तसा तो अपमान जपत होता.

मग भाची रेल्वेच्या डोळेतपासणीत नापास झाली. रंगीत ठिपक्यांतला आकडा तिला दिसेना. हे कळले त्या दिवशी मास्तराने दोऱ्याची दोन रिळे रंगवली, एक हिरवे आणि एक तपकिरी, गडदपणात तंतोतंत सारखी. आणि वाट पाहिली.

मेहुण्याने भागीदारी पक्की करायला मालकाला जेवायला बोलावले, तेव्हा ताईने भावालाही बोलावले.

"काय मास्तर," मेहुणा ताटावरूनच हसला, "पोरगी मामाच्या वळणावर गेली की हो!"

"अर्धे बरोबर, दाजी." मास्तराने हात धुऊन पुसले. "आमच्या वडिलांना लाल-हिरवे कळत नसे. मुलाला बापाकडून तो दोष येत नाही, म्हणून मी सुटलो. ताईकडे आला, पण तिची आईकडून आलेली बाजू निरोगी, म्हणून तिला दिसते. मुलीला दिसेनासे व्हायला मात्र तो दोन्हीकडून यावा लागतो. आईकडून, आणि बापाकडूनही."

"चुलीत गेले तुमचे शास्त्र!"

"जाऊ द्या." त्याने रिळे मालकासमोर ठेवली. "दाजी, यातले हिरवे मालकांना द्या."

मेहुण्याचा हात एका रिळावरून दुसऱ्यावर गेला, परत आला. शेवटी त्याने एक उचलले.

मालकाने ते उजेडात धरले. तपकिरी होते. "म्हणजे त्या वेळी..." एवढेच बोलून त्याने ते मेहुण्याच्या हातात परत दिले आणि तो उठला. भागीदारीचा विषय पुन्हा निघाला नाही.

मास्तराला वाटले होते तेवढे गोड लागले. मेहुण्याची खाली गेलेली मान त्याने डोळे भरून पाहिली.

तेवढ्यात भाचीने टेबलावर उरलेले रीळ उचलले, बापाच्या हातातल्याशेजारी धरले आणि म्हणाली, "मामा, दोन्ही एकच तर आहेत. बाबांचे चुकले कुठे?"

ताईने भावाकडे पाहिले. "तू सगळ्यांसमोर माझ्या लेकीला मापायची पट्टी केलीस रे."

मास्तराने रिळे खिशात घातली. उत्तर त्याला ठाऊक होते. पण ते भाचीला सांगायला जीभ रेटेना.