चौथं लिंबू

पप्पांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिंदुराव आमच्याकडे आले. बरोबर नवनाथ होता. काळेवाडीत काही मिटवायचं असलं की त्यालाच बोलावतात. आणि सुमनताई, हिंदुरावांची चुलत वहिनी, आमच्या समोरच्याच घरातली. बाईमाणूस बरोबर असलं की तोंडावर दार लावून घेता येत नाही, एवढं नवनाथला कळतं.

आईनं चहा टाकला. पप्पांची खुर्ची कुणाला द्यायची नव्हती, म्हणून तिच्यावर मीच बसले.

हिंदुरावांच्या मुलाच्या, विराजच्या, गाडीखाली पप्पा गेले. तो अकरावीत आहे. क्लासवरून येताना कोपऱ्यावर त्याला गाडी आवरली नाही, आणि पप्पा भाजीची पिशवी घेऊन कडेनं येत होते. विराजचं जे व्हायचं ते बाल न्याय मंडळ ठरवील. त्याच्याबद्दल मला काही मागायचं नव्हतं. मला त्याच्या वडिलांकडून जबाब हवा होता. मोटार वाहन कायद्यात तसं कलम आहे. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकही दोषी धरला जातो; आपल्याला ठाऊक नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे त्यानंच सिद्ध करायचं. हिंदुरावांनी पोलिसांना सांगितलं होतं की चावी कपाटात होती, पोरानं न विचारता घेतली, त्याआधी त्यानं स्टिअरिंगला कधी हात लावलेला नव्हता.

हे खोटं आहे हे गल्लीला ठाऊक होतं. पण ज्याला विचारावं तो म्हणायचा, आम्ही कामावर होतो.

"किसनभाऊ म्हणजे देवमाणूस," नवनाथनं सुरुवात केली. "चौकाला त्यांचं नाव देऊ. मी वर बोललोय. बोर्ड, दिवे, सगळं."

"त्यांचं नाव दारावर आहे," आई म्हणाली. "साखर कमी वाटली तर सांगा."

हिंदुरावांनी कप हातात घेतला, पण प्याले नाहीत. "पोर लहान हाय, सुधारंल. पर बापच आत गेला तर घरादाराकडं कुणी बघायचं? तू शिकलेली हायेस, आम्रपाली. सायबांना एवढंच सांग, बापावर आमची तक्रार न्हाई."

"काका, पप्पा चाकणला पत्रा दाबायच्या प्रेस शॉपला होते," मी म्हटलं. "दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. म्हणजे हात बाहेर राहतात. पण माल जास्त काढायचा असला की कुणीतरी एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवतं. मग नव्या पोराचं बोट जातं. पप्पा म्हणायचे, पोराला नंतर रागवा, आधी बटण कुणी बांधलं ते विचारा."

"ती कंपनी झाली. हे घर हाय."

"म्हणून तर घरी विचारतेय."

"ताई, तू वकीलच व्हायला पाहिजे होतंस," नवनाथ म्हणाला. "उगाच शाळेत मराठी शिकवत बसलीस." तो एकटाच हसला.

हिंदुरावांनी पप्पांच्या फोटोकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हलक्या आवाजात, आमच्यापैकी कुणाशीच नाही असं बोलू लागले.

"गाडीच अपशकुनी. दसऱ्याला पूजा केली तवाच मनात पाल चुकचुकली व्हती. चार चाकांखाली चार लिंबं ठिवली. तीन फुटली. विराजनं क्लच झटक्यात सोडला, गाडी बंद पडली, मागल्या चाकाचं लिंबू तसंच राहिलं. मी म्हटलं, परत घे. तर पोरं हसली, ह्यो लाजला, उतरला. तवाच परत घ्यायला लावायला पायजे व्हती."

त्यांचे डोळे भरले होते. त्यात नाटक नव्हतं. पप्पा का गेले याचं कारण हा माणूसही शोधत होता, आणि शोधता शोधता तो एका लिंबापाशी येऊन थांबला होता.

नवनाथचा कप ओठांपाशीच राहिला.

"काका," मी विचारलं, "स्टिअरिंगवर कोण होतं?"

"कवा?"

"दसऱ्याला."

"चला भाऊ," नवनाथ उठला. "यांना आराम करू द्या."

"मी काय बोललो?" हिंदुरावांचा आवाज चढला नाही. त्यांनी नवनाथकडे पाहिलं, मग सुमनताईकडे. "कुणी ऐकलं?" आमच्याकडे पाहायची त्यांना गरज नव्हती. आमच्या ऐकण्याला कोर्टात किती वजन, हे त्यांना ठाऊक होतं.

सुमनताईनं रिकामा कप बशीत ठेवला.

"ताई, दसऱ्याला तुम्हीच ओवाळलं होतं ना?" मी म्हटलं.

"वैनी, चला घरी," हिंदुराव म्हणाले.

ती उठली नाही. "मीच ओवाळलं. विराजला म्हटलं खाली उतर, तर उतरंना. काचंतनंच कुकू लावलं. आन् भावजी, तुमीच मागनं म्हणला, मालक बसलाय, मालकाला ओवाळा."

"घरातल्या हाय तुमी."

"व्हय. घरातली हाय म्हणूनच. आमचा वेदांत नववीत हाय. परवा चावी मागत व्हता. म्हणला, काकांनी दादाला दिली, मग मला का न्हाई." तिनं पदर सावरला. "त्याला काय सांगू, तेवढं सांगा."

हिंदुराव उठले. नवनाथनं त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या आणि दोघं गेले.

सुमनताई दारात थांबली.

"सकाळी येते तुमच्याकडे," मी म्हटलं. "आपण बरोबरच पोलीस चौकीत जाऊ."

"माझ्या दारात येऊ नकोस."

मला वाटलं, संपलं. तिच्यावर रागवायचाही मला हक्क नव्हता. उरलेलं आयुष्य तिला त्याच भावकीत काढायचं होतं.

"मीच यीन," ती म्हणाली. "आम्रपालीनं न्हेली असं कुणी म्हणाया नको."

सकाळी मी वेणी घालत होते तेव्हाच आईनं हाक मारली. सुमनताई पायरीशी उभी होती, सणाला नेसते ती साडी नेसून. आम्ही कोपऱ्यावरून गेलो. हिंदुराव फाटकात होते. ती त्यांच्यासमोरून डोक्यावरचा पदर नीट करत गेली, पण चाल कमी केली नाही.

चौकीत फौजदारांनी मला खुर्ची दाखवली. मी ती सुमनताईला दिली आणि मागे उभी राहिले.

"बोला," ते माझ्याकडे बघत म्हणाले.

"मी बोलते," सुमनताई म्हणाली. "ताट माझ्या हातात व्हतं."