सतरा प्लेटांची बॅटरी

"रेटा! आणखी जरा!" बाबगोंडा ओरडला तसे चारही गडी मोटारीच्या पाठीला खांदे लावून वाकले. चाकं सरकली, उतार लागला, दोन उचक्या देऊन इंजिन धडधडायला लागलं. मागच्या बाकावर बसलेल्या चंदनानं ओठ घट्ट मिटून घेतले. ही मोटार बोरगावच्या वेशीतच कायमची बसली असती, तर तिनं जैन बस्तीत जाऊन देवापुढं श्रीफळ चढवलं असतं.

आडावर पाणी ओढणारी एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "ब्राह्मीची मोटार सुरू झाली बघ."

ब्राह्मी ही बाबगोंडाची पहिली बायको. लढाई सुरू झाली त्या वर्षी ती पहिल्याच बाळंतपणात गेली, पोरही गेलं. आता लढाई संपली होती, चंदनाला या घरात येऊन दोन वर्षं झाली होती, तरी मोटार अजून ब्राह्मीचीच होती. ब्राह्मी लग्न होऊन आली त्या साली मोटार आली, एवढंच निमित्त. सासू कौतुकानं सांगायची की शेवटी कळा लागल्यावरही तिला दवाखान्यात मोटारीतूनच नेलं, गावात असं कुणाला नेलं नव्हतं. चंदना ऐकायची आणि तंबाखूच्या पानांचे दांडे जरा जोरानंच मोडायची. जिती सवत असती तर भांडता तरी आलं असतं.

लढाईच्या वर्षांत पेट्रोल मिळेना म्हणून मोटार खोपीतच उभी होती. तिथं ती सडली असती तरी चालण्यासारखं होतं. पण गेल्या महिन्यात चंदनानं नवऱ्याला सांगितलं, की आपल्याला दिवस गेलेत. तो "बरं" म्हणाला, पायात वहाणा सरकवल्या आणि खोपीकडं निघून गेला. तिनं दाराआडून पाहिलं. तो मोटारीत बसला होता, दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवून. दारी आलेलं सुख सोडून हा माणूस मेलेलीच्या मोटारीत जाऊन बसतो, हे तिच्या काळजात कुसळासारखं रुतलं. त्यानंतर तो रोजच बसायला लागला.

म्हणून बॅटरी बघायला बेळगावला जातो असं तो म्हणाल्यावर ती हट्टानं म्हणाली होती, "मी बी येते." बेळगावचे मारुतीराव जुन्या मोटारी विकत घेतात, हे तिच्या कानावर होतं. मोटार विकली गेली तर ते तिला आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं.

वाटेत बाबगोंडानं कुठंही इंजिन बंद केलं नाही. संकेश्वरला पाणी प्यायला उतरला तेव्हासुद्धा मोटार धडधडतच होती, आणि तो एक डोळा तिच्यावर ठेवून पाणी पीत होता. चंदनाला वाटलं, आपल्याकडं असं कधी बघितलंय यांनी?

मारुतीरावांचं दुकान खडेबाजारच्या टोकाला होतं. त्यांनी जुन्या बॅटरीची झाकणं उघडली, आत डोकावले आणि मान हलवली.

"हिच्यात दम न्हाय, पाटील. पाणी घालून बी उपेग न्हाय."

त्यांनी तीन बॅटऱ्या फळीवर मांडल्या. एक जुनीच, आतल्या प्लेटा नव्या घातलेली. दुसरी कोरी, तेरा प्लेटांची. तिसरीही कोरी, पण सतरा प्लेटांची, लांबलचक आणि जड, दोघांनी धरून उचलावी लागली.

"जितक्या प्लेटा जास्ती, तितका जोर जास्ती," मारुतीराव म्हणाले. "पर तुमच्या मोटारीला तेरा बास हायत. मोटारीतल्या बॅटरीच्या पेटीत बरोबर बसंल, आत्ता घालून देतो. सतराची बसायची न्हाय. पेटी कापून वाढवाय लागंल, उद्या दुपार हुईल."

बाबगोंडा सतरा प्लेटांच्या बॅटरीजवळ उकिडवा बसला. त्यानं तिच्या कडांवरून हात फिरवला. चंदनानं तोंड फिरवून रस्त्याकडं पाहिलं.

"हिच्यावर मोटार एकदम लागंल न्हवं? पयल्या दमाला?"

"लागंल की. रोज किती फिरवणार?"

"फिरवायची न्हाय. उभीच ऱ्हाणार."

मारुतीराव हसले. "उभी ठेवाय एवढी थोरली बॅटरी कशाला? मला द्या मोटार. मागचा भाग कापून उतारू न्हेणारी सर्विसची गाडी करतो, निपाणी-बेळगाव पळंल. वैनी, तुमी तरी सांगा की."

चंदना वळली. हेच तर तिला हवं होतं. शब्द ओठांवर आले होते.

"चार म्हैने उभी ऱ्हाणार," बाबगोंडा खाली बघतच म्हणाला. "मी रोज सकाळी चालू करून बघीन. मग एक दिस गरज पडंल. कवा ते सांगता येत न्हाय. रात्रीची बी पडंल, पावसात बी पडंल. त्या टायमाला गडी मिळत न्हाईत रेटायला. चिखलात रेटली तर सरकत बी न्हाय." तो थांबला. "मागच्या टायमाला मोटार लागलीच न्हवती."

चार महिने. चंदनाचा हात आपसूक पदराखाली, पोटावर गेला.

मारुतीरावांना काही उमगलं नाही, पण ते हसायचे थांबले. "तरी बी पाटील, तेरावर बी मोटार लागतीच. आजचा मुक्काम कशाला करता? संगती बाईमाणूस हाय."

बाबगोंडानं चंदनाकडं पाहिलं. लगेच नजर काढून घेतली आणि मान डोलावली. "तिला तरास नगो. तेराचीच—"

"थोरलीच घ्या," चंदना म्हणाली.

परक्या पुरुषासमोर ती इतक्या मोठ्यानं कधी बोलली नव्हती. मारुतीरावांनीही चमकून पाहिलं. ती पुढं म्हणाली, "कापू द्या पेटी. ऱ्हाऊ की एक दिस. बस्तीजवळ धर्मशाळा हाय न्हवं?"

"हाय की," मारुतीराव म्हणाले. "दिवस मावळायच्या आत जेवणाचं बी बघतो तुमच्या." आणि ते माप घ्यायला मोटारीकडं गेले. थोड्याच वेळात पत्र्यावर छिन्नीचे ठोके पडायला लागले.

दुकानाबाहेरच्या बाकड्यावर दोघं बसली. मधे एक माणूस बसेल एवढी जागा होती.

"घरात तर म्हणत्यात, मोटारीतनं न्हेलं म्हणून," चंदना म्हणाली.

"आईला तसं बोलाय बरं वाटतं. बसवलं हुतं मोटारीत. न्हेलं बैलगाडीतनं. निपाणीचा दवाखाना बी गाठला न्हाय, वाटंतच गेली."

"हँडल मारायचं हुतं."

"मारलं की. बॅटरीत ठिणगीपुरती बी जान न्हवती." त्यानं आपले तळवे उलटे करून पाहिले, मग गुडघ्यांवर ठेवले. "गाडी जुपा म्हणाली आई. मी आधीच जुपली असती तर... पर ती उतराय तयार हुईना. मला म्हणाली, तुमी मारा, लागंल आता. दर खेपंला तेच. लागंल आता. एवढ्या कळा येत हुत्या, तरी दांडी धरून बसून ऱ्हायली. माझ्यावर भरवसा टाकून."

छिन्नी थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

तो खोपीत रोज काय करत होता, हे आता चंदनाला कळलं होतं. दोन वर्षं मनात साठलेलं कडू पाणी ओसरायला हवं होतं, थोडं ओसरलंही. पण त्या जागी दुसरंच काहीतरी भरत होतं. अंधारात, पावसात, कळा सोसत मोटारीत बसलेली ती बाई तिला स्पष्ट दिसत होती. आपण तिच्या जागी असतो तर? पहिल्याच खेपेला आरडाओरडा करून उतरलो असतो. बैल जुंपून घेतले असते. कदाचित वाचलोही असतो. तरी या माणसाच्या तोंडून कुणाविषयी असे शब्द पुन्हा कधी निघाले असते का?

"मी बी बसून ऱ्हायले असते," ती म्हणाली.

ते खरं की खोटं, तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. बाबगोंडानं मात्र मान वर केली आणि कितीतरी वेळ तिच्याकडं पाहत राहिला. चंदनानं नजर खाली वळवली नाही.

"न्हाय," तो अखेर म्हणाला. "तू उतरायचं. मी बस म्हणलो तरी उतरायचं."