डाव्या इंजिनाची मूठ

मी एका प्रवासी विमानातली मूठ बोलतेय. वैमानिकांच्या दोन खुर्च्यांच्या मधोमध आम्ही दोघी बहिणी बसायचो. मी डाव्या इंजिनाची, ती उजव्याची. इंजिनाला आग लागली की आमच्यातल्या एकीला वर ओढायचं. ओढलं की त्या इंजिनाचं इंधन, वीज, सगळं तुटतं. पिळलं की आग विझवणारा वायू सुटतो. काम एवढंच, आणि तेही करायची पाळी येऊ नये असं.

अकरा वर्षं मला कुणी ओढलं नाही. रोज माझा दिवा लागतो का ते पाहायचे, तेवढीच काय ती विचारपूस. माझ्या आसपास चहाचे कप ठेवले जायचे आणि मुलांच्या शाळांच्या, गुडघेदुखीच्या गप्पा चालायच्या.

त्या दुपारी डाव्या खुर्चीत कॅप्टन बाई होत्या. केस पिकलेले, बोलणं मोजकं. उजवीकडे पस्तिशीचा सहवैमानिक. हात भलता चपळ, आणि त्याचा त्याला थोडा तोराही होता.

उड्डाणाला पंधरा मिनिटं झाली होती. बाई त्याला जावयाने स्वयंपाकघराची काय दशा केली ते सांगत होत्या, तेवढ्यात डाव्या इंजिनातलं एक पातं मुळापासून तुटलं.

धडाका असा झाला की विमान दुभंगलं असंच वाटलं. कप उडून छतावर आपटले, चहा काचेवरून ओघळला. हादरे इतके की समोरचे आकडे नुसते पांढरे ओरखडे दिसत होते. पात्याने इंजिनाचं कवच फाडलं, आणि त्याचा एक तुकडा चौदाव्या रांगेची खिडकी फोडून आत घुसला. विमानातली हवा किंकाळी फोडल्यासारखी बाहेर धावली. दोघांनी प्राणवायूचे मास्क तोंडावर ओढले. बाईंच्या नाकातून रक्त येत होतं.

डाव्या इंजिनाचा धूर हवेच्या नळीतून आत आला, पण तो सहवैमानिकाच्या बाजूने. उजवंच इंजिन गेलं, असं त्याने धरलं, आणि तो चपळ हात सुटला तो थेट माझ्या बहिणीवर. तिला ओढलं असतं तर धडधाकट इंजिन बंद पडलं असतं आणि एकशे चाळीस माणसांना घेऊन आम्ही खाली गेलो असतो. मला ओरडता येत नव्हतं.

बाईंचा हात त्याच्या हातावर पडला.

"ओढू नकोस. आधी समोरचा इंजिनाचा आकडा वाच."

"दिसत नाहीये, मॅडम."

"मग थांब."

त्यांनी डाव्या इंजिनाचा जोर हळूहळू कमी केला, तसे हादरे ओसरले. दोष कुठे आहे ते कळलं. त्याच क्षणी माझा दिवा लाल झाला. सहवैमानिकाने हात माझ्यावर आणला आणि या खेपेला समोरचा डाव्या इंजिनाचा आकडा मोठ्याने वाचला. बाईंनी तो पुन्हा म्हटला. मग म्हणाल्या, "ओढ."

अकरा वर्षं न हललेलं माझं अंग कटकन वर आलं. त्याने मला पिळलं, वायूची पहिली बाटली रिकामी झाली. दिवा तसाच लाल. आता तीस सेकंद थांबायचं असतं. तो मोजत होता आणि त्याचा आवाज फाटत होता. विमान सारखं एका कुशीवर कलत होतं. बाई पाय रोवून ते सरळ धरून होत्या. तीस झाले. दुसऱ्या बाटलीसाठी त्याने मला उलटं पिळलं, इतक्या जोराने की माझी मान वाकली. दिवा विझला.

मग मागून केबिनमधल्या वरिष्ठ हवाईसुंदरीचा निरोप आला. खिडकीशी बसलेल्या माणसाच्या गळ्यात तुकडा घुसला होता. त्याची बायको दोन्ही हातांनी जखम दाबून बसली होती. एकोणीस मिनिटांनी आम्ही उतरलो, तोवर तो गेला होता. तिने हात काढले नव्हते.

बाकी सगळे जिवंत उतरले. दोघे वैमानिक मात्र बसूनच राहिले.

"मी दुसरी ओढणार होतो," तो म्हणाला.

"ओढली नाहीस."

"तुम्ही धरलंत म्हणून."

"मग अहवालात तसंच लिही. मी तुझ्यासाठी खोटं लिहिणार नाही, आणि तुझ्याआधी खरंही लिहिणार नाही."

त्याने लिहिलं. वर्षभर त्याला उडू दिलं नाही. नंतर त्याने स्वतःच वैमानिकांच्या शाळेत शिकवायचं मागून घेतलं. विमान मोडीत निघालं तेव्हा आम्हा बहिणींना तिथल्या टेबलावर आणून बसवलं.

परवा विमानात गेलेल्या त्या माणसाची बायको शाळेत आली. तिने विचारलं, मूठ आधी ओढली असती तर तो वाचला असता का? सहवैमानिकाने काही लपवलं नाही. तुकडा पहिल्या क्षणीच लागला होता, तरी त्यानंतर चार-पाच सेकंद आपला हात चुकीच्या मुठीवर होता, हे त्याने सांगितलं. तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"एकदा ओढून दाखवा."

त्याने ओढलं. कट्.

"एवढाच आवाज?" ती म्हणाली, आणि खुर्चीत बसून रडली. तो शेजारी उभा राहिला.

ती गेल्यावर त्याने मला हलकेच दाबून जागेवर बसवलं. उद्या नवी तुकडी येईल. त्या पोरांनी इथे मला हजार वेळा ओढावं, माझी मान आणखी वाकली तरी चालेल. तिकडे वर, माझ्यासारख्या ज्या बसल्या आहेत, त्यांना मात्र धूळ पुसण्यापुरताच हात लागो.