माझ्या कमानींची विहीर

मित्रांनो, शाळा सुटली की तुम्ही धावत येता आणि माझ्या अंगावर चढता. कुणी माझ्या फळ्यांवर कोळशाने नाव लिहितो, कुणी आत दडून बसतो. मला ते आवडते. पण मी कोण, हे तुमच्यापैकी एकानेही अजून विचारलेले नाही. मला आता चाके नाहीत, जू नाही, म्हणून लोहाराच्या भट्टीजवळ टाकलेली मोडकी पेटी वाटत असेन तुम्हाला. मी एक जुनी गाडी आहे. त्यातही गाडीलोहारांची गाडी. ज्यांचे घरच चाकांवर असते, त्या माणसांचे मी घर होते.

माझा जन्म तेवीस वर्षांपूर्वी चोपड्याला झाला. पुना नावाच्या सुताराने सातपुड्यातले साग आणि बाभूळ निवडून मला घडवले. चाकांवरच्या लोखंडी धावा मात्र माझ्या मालकाने, रुपचंद लोहाराने, स्वतः चढवल्या. लालभडक धाव चाकावर बसवून तिच्यावर पाणी ओतले, तेव्हा वाफेच्या ढगात मी पहिल्यांदा डोळे उघडले म्हणा ना! समोर रुपचंद उभा होता आणि त्याच्या शेजारी त्याची नवी नवरी, भागाबाई. तिने माझ्या चारही बाजूंनी फेरी मारली, आत डोकावून पाहिले आणि म्हणाली, "बस. इतलं घर पुरं व्हई."

आणि खरेच ते घर तिने पुरे केले. आत जेमतेम एक खाट मावेल एवढी जागा. पण भागाबाईने तिथे धान्याची गोणी, तवा, परात, गोधड्या, देवाचा टाक आणि एक आरसाही बसवला. प्रत्येक वस्तूला तिने खुंटी दिली होती. खाचखळग्यांतून जाताना माझ्या पोटातले एक भांडेसुद्धा पडत नसे. खाली कोंबड्यांची टोपली टांगलेली, मागे भाता आणि ऐरण बांधलेली. अशी सगळी गृहस्थी घेऊन मी चोपड्याहून धुळ्याला, धुळ्याहून साक्रीला आणि चाळीसगावला फिरत असे.

गावाबाहेर ओढ्याकाठी बैल सोडले की घटकाभरात जमिनीत खड्डा खणून भट्टी पेटे. रुपचंद सांडशीत तापलेले लोखंड धरून बसे आणि भागाबाई उभी राहून घण मारी. तो घण उचलताना गावातले गडीसुद्धा धापा टाकत. भागाबाई मात्र पदर खोचून एका लयीत मारत राही. रुपचंद हातोडीने नुसती जागा दाखवायचा, की घण नेमका तिथे पडायचा. फाळ, विळे, कुऱ्हाडी, पहारी. आम्ही चार दिवस थांबून गेलो की त्या गावाची वर्षभराची अवजारे नीट होत.

दुपारी माझ्या सावलीत भाकरी खाताना दोघे पुढचे बेत करत. रुपचंदला चाळीसगावच्या जंक्शनजवळ पत्र्याचे छप्पर घालून दुकान टाकायचे होते. भागाबाई हसे आणि म्हणे, "तुम्हले दोन महिना बी एक जागावर बसता येवाव नही." मग तोही हसे.

पण एका वर्षी ते हसणे थांबले. भागाबाईला सहावा महिना होता. साक्रीहून पुढे डोंगराकडची वाट सगळी दगडांची. मला तेव्हा धक्के झेलणाऱ्या कमानी नव्हत्या. चाकाला बसलेला प्रत्येक धक्का थेट तिच्या अंगात जात होता. ते मूल वाचले नाही. भागाबाई चार दिवस माझ्या फळीला टेकून बसून होती. मित्रांनो, माझ्यावर कितीही ओझे लादले तरी मी कधी कुरकुरले नाही, पण त्या चार दिवसांइतके जड ओझे मी पुन्हा कधी वाहिले नाही.

पुढे काही वर्षांनी धुळ्याच्या रस्त्यावर एक जुनी मोटार कायमची मोडून पडली होती. तिच्या मालकाचे काम करून देऊन रुपचंदने तिच्या दोन कमानी मिळवल्या. वाकलेल्या पोलादी पट्ट्या एकीवर एक रचलेल्या, एकेका कमानीत सात. तीन दिवस खपून त्याने त्या माझ्या आसावर बसवल्या. अख्ख्या खानदेशात तशी बैलगाडी दुसरी नसेल! मी खड्ड्यांतून जाऊ लागले, तर पाण्यावर डोलल्यासारखी. पुढच्या साली बेबा जन्मली, चांगली गुटगुटीत. तिला मांडीवर घेऊन भागाबाई माझ्या कमानींवरून हात फिरवायची. माझा अभिमान काय सांगू तुम्हाला!

बेबा पाच वर्षांची होती तेव्हा घणाखालून एक तापलेली कपची उडाली आणि रुपचंदच्या उजव्या डोळ्यात शिरली. तो डोळा लगेच गेला. डाव्याची दृष्टीही वर्षभरात विझली. लोहाराचे सारे काम रंगावर चालते. लोखंड अजून लाल आहे की केशरी झाले, फाळाला पाणी पाजायची, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कठीण करायची, वेळ झाली की नाही, ते डोळ्यांनीच कळते. रुपचंद भट्टीपुढे नुसता बसून राहू लागला.

एका सकाळी भागाबाईने सांडशी स्वतःच्या हातात घेतली आणि घणाचा दांडा त्याच्या हातात दिला.

"हाई काय करस?" त्याने विचारले.

"तुमना डोया गयात, हात नही गयात," ती म्हणाली. "मी धरसू. मी हातोडी मारसू, तठेच तुम्ही घण मारा."

पहिल्या दिवशी घण तीनदा ऐरणीवरच आपटला. पण रुपचंद तिच्या हातोडीचा आवाज ऐकत गेला. महिनाभरात घण पुन्हा नेमका पडू लागला. आणि एक नवलच घडले. डोळे गेल्यावर त्याचे कान तयार झाले. अवजार ऐरणीवर नुसते वाजवून तो सांगू लागला की हे कच्चे आहे, याला आत चीर आहे, हे पक्के आहे. त्याला दिसत नव्हते ते ती पाही, तिला कळत नव्हते ते तो ऐके.

लोकांना मात्र हे पटेना. तुमच्याच गावात, साक्रीच्या या बाजूला, आम्ही आलो तेव्हा तोतारामनाना आपला फाळ घेऊन आले. नाना म्हणजे इथले मोठे शेतकरी, शब्दाला वजन असलेला माणूस. सांडशी भागाबाईच्या हातात पाहून ते थबकले. "बाईमानूसना हातनं पानी पाजेल फाळ मना वावरमा चालनार नही," असे म्हणून ते फाळ घेऊन परत गेले. त्यांच्या मागोमाग बाकीचेही गेले. भागाबाईने बेबाला जवळ घेतले आणि भट्टीवर पाणी ओतले.

बायका तेवढ्या येत राहिल्या. नानांची आई, धुरपदाबाई, पहिल्यांदा आपला विळा घेऊन आली. मग उलथणी आली, खुरपी आली. त्यावर कशीबशी भाकर चालली.

चार वर्षे अशीच गेली. मग गावोगावचे पाणी आटावे असा उन्हाळा आला. मोठी लढाई चालू होती, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आम्ही या वाटेने जात असताना पाहिले, तर तुमच्या गावाची सगळी माणसे एका अर्धवट विहिरीभोवती बसलेली. पंचवीस हात खोल गेल्यावर काळा खडक लागला होता. लढाईमुळे सुरुंगाची दारू मिळत नव्हती. पहारी एका दिवसात बोथट होत नाहीतर मोडत. जुनी विहीर आटली होती आणि गुरे ओढ्यातला ओला चिखल चाटत होती.

बैल थांबलेले पाहून तोतारामनाना स्वतः चालत माझ्यापाशी आले. त्यांनी मोडलेली पहार खाली ठेवली.

"भागाबाई," ते म्हणाले, "मी तुले नही म्हनेल व्हतं, ते मना ध्यानमा शे. आते ढोरेसकरता इचारस. यानं काही व्हई का?"

भागाबाईने पहार उचलून रुपचंदकडे दिली. त्याने ती ऐरणीवर वाजवली आणि मान हलवली. "यामा पोलादच नही, नाना. नुसतं लोखंड शे. पोलाद आना, मंग दखू."

"पोलाद कोठे मियस आते? लढाई चालू शे."

रुपचंद हळूच म्हणाला, "गाडीन्या कमानी शेतस."

भागाबाई चटकन वळली. "त्या तुम्ही मनासाठे लायेल शेतस," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. ती माझ्याजवळ आली आणि कमानीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. नवऱ्याने एक दुःख पुसण्यासाठी बसवलेल्या त्या पट्ट्या होत्या. आणि ज्या गावासाठी त्या काढायच्या, त्या गावाने तिच्या हातचे काम नाकारले होते. मला वाटले, ती नाही म्हणेल. खरे सांगते, तिने नाही म्हणावे असे मलाही वाटत होते.

तेवढ्यात एक गाय माझ्या मागे टांगलेल्या रिकाम्या पखालीला जीभ लावू लागली. भागाबाईने तिच्याकडे पाहिले. मग पाना उचलला आणि माझ्या खाली शिरून पहिली खीळ स्वतःच्या हाताने सोडली.

दोन कमानींच्या चौदा पट्ट्या. पहिल्या पट्टीचे टोक घडवून तिने ते पहारीला जोडले, तापवले, पाणी पाजले. दुपारी ती पहार खडकावर पडली आणि काचेसारखी तडकली. विहिरीतून ओरडा वर आला. नानांनी मान खाली घातली. रुपचंदने तो तुकडा मागून घेतला, दोनदा वाजवला आणि म्हणाला, "पानी लई व्हयनं. कठीन व्हयनं, म्हनीसन तडकनं. भागा, रंग उतरू दे. घाई नको."

दुसऱ्या पट्टीला ती थांबली. क्षणभर पाण्यात बुडवून काढलेल्या तापल्या पोलादावर आधी गव्हाच्या काडीचा रंग चढला, तरी ती थांबली. मग तांबूस, मग जांभळा. टोकाशी मोराच्या मानेसारखा निळा उतरला, तेव्हा तिने ते पुन्हा पाण्यात घातले. रुपचंदने ऐरणीवर वाजवले. देवळातल्या घंटेसारखा सूर निघाला.

"हाई पक्कं शे," तो म्हणाला आणि कितीतरी दिवसांनी मोकळा हसला.

अकरा दिवस भट्टी विझली नाही. धुरपदाबाई रोज भाकरी घेऊन येई आणि भागाबाईने खाल्ल्याशिवाय हलत नसे. नाना स्वतः भाता ओढायला बसले. बेबा बोथट टोके वर आणी आणि धारदार खाली नेई. बाराव्या पट्टीची पहार खडकात शिरली आणि तिच्या बाजूने बोटाएवढी धार उसळली. खालची माणसे आधी ओरडली, मग रडली.

पाण्याने भरलेला पहिला हंडा नानांनी डोक्यावर घेतला. गावाला वाटले, हा हंडा देवळात जाईल. नाना सरळ भट्टीशी आले आणि त्यांनी तो भागाबाईपुढे ठेवला. "भागाबाई, पहिला हंडा तुमना," ते म्हणाले. त्या दिवसापासून ते तिला कधी एकेरी बोलले नाहीत.

मग गावाने आम्हाला या निंबाखाली जागा दिली. "आठेच ऱ्हा," सगळे म्हणाले. रुपचंदचे डोळे भरून आले. चाकांवर जन्मलेल्या माणसाला जमीन मिळणे ही काही लहान गोष्ट नव्हती. पण भागाबाईने थोडा विचार करून सांगितले, "चार महिना ऱ्हासूत. बेबा शाळामा जाई. बाकी आठ महिना जासूत. तठला बठ्ठा गावे आमनी वाट दखतस." तसेच झाले. पावसाळ्यात बेबा तुमच्या शाळेत बसली, दसरा झाला की आम्ही निघालो. कमानींशिवाय मला पुन्हा धक्के बसू लागले. माझे सांधे त्यातच खिळखिळे झाले, पण त्याची मला खंत नाही.

यंदा माझा आस वाकला आणि एक दांडी चिरली. चोपड्याचा म्हातारा पुना सुतार आला. त्याने मला ठोकून पाहिले आणि नवी गाडी करायचा सल्ला दिला. ती नवी गाडी घेऊन तिघेही गेल्या आठवड्यात निघाले. सांडशी आता बेबाच्या हातात आहे. निघण्याआधी रुपचंदने माझ्या एकेका सांध्यावरून हात फिरवला. भागाबाईने माझी आतली खुंटी अन् खुंटी झाडून घेतली, जणू उद्या परत राहायला येणार आहे.

मित्रांनो, मी आता कुठे जाणार नाही. माझ्यावर खुशाल चढा, खेळा. फक्त तुमच्या घरी जी गाडी आहे तिच्या चाकांना वेळेवर वंगण द्या आणि तिला उन्हापावसात टाकू नका. मुकी वस्तूही झिजते. आणि आणखी एक मागणे आहे. येत्या दिवसांत तुमच्या शिवेवर गाड्या येऊन थांबतील. कुणी लोहार असेल, कुणी आणखी कुणी. त्यांच्या पोरांचे कपडे मळके असतील, त्यांची बोली तुम्हाला वेगळी वाटेल. मोठी माणसे कदाचित त्यांच्याकडे संशयाने पाहतील. तुम्ही तसे करू नका. या विहिरीचे पाणी तांब्यात भरून घ्या आणि त्यांच्याकडे जा. आधी पाणी द्या, मग नाव विचारा.