काळ्या कोंबडीची निळाई

सकाळी आठलाच अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मधोमध खुर्चीवर भगव्या कफनीतले बाबा बसले होते, आणि त्यांच्या तळहातावर एक निळं अंडं. बेकरीवाल्याची साधी काळी कोंबडी! एक रात्र बाबांजवळ राहिली काय, आज तिनं निळं अंडं दिलं.

"आकाशाला कुणी रंग दिला?" बाबांनी विचारलं.

"कुणी नाही!" गर्दी म्हणाली.

"मग याला कोण देणार? कच्चं गिळा. साखर, दमा, सांधे, सगळं जाईल. मात्र वर औषध घेतलंत तर गुण गेलाच म्हणून समजा!"

म्हणजे बरं वाटलं तर अंड्याचं श्रेय, नाही वाटलं तर माणसाची चूक. असा धंदा बुडतो कशाला?

मागच्या खोलीत, खाद्याच्या पोत्यांमध्ये बसून घरमालकाची धाकटी बहीण हे सगळं ऐकत होती. दाराला बाहेरून कडी होती. महिनाभर हेच चाललं होतं. लोक जमायच्या आधी दादा कडी लावायचा आणि लोक पांगले की काढायचा. त्यानंच बाबांना घरी आणून बसवलं होतं. घर दादाचं, शेड दादाची. तिच्या मालकीच्या फक्त साठ कोंबड्या होत्या, चार वर्षं निवडून निवडून वाढवलेल्या.

"तोंड उघडलंस तर कोंबड्यांसकट बाहेर," दादानं बजावलं होतं. साठ कोंबड्या घेऊन बाई जाणार कुठे? म्हणून ती गप्प होती. त्या गप्प बसण्याची तिला रोज जास्तच लाज वाटत होती.

तेवढ्यात खिडकीच्या गजांशी शेजारच्या शिंपीणकाकूंची मुलगी आली. तिला धाप लागली होती.

"ताई, एक अंडं दे गं. गर्दीतून पुढे जाता येत नाहीये. आई उठतच नाही. सारखं पाणी मागते, उलट्या होतायत."

"साखरेचं इंजेक्शन?"

"पाच दिवस बंद आहे. बाबा म्हणाले ना..."

तिनं आतून गज धरले. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने!"

"आणि अंड्याचा गुण गेला तर?"

"कडी काढ. दाखवते तुला. मग तरी नेशील?"

मुलीनं कडी काढली. ती तडक अंगणात आली. दादाचा चेहरा खर्रकन उतरला. "आत जा!" तो दातओठ खात म्हणाला. ती थांबली नाही.

"बेकरीवाले, कोंबडी खाली सोडा."

त्यांनी सोडली. रोज खाद्य टाकताना मारायची तशी हाक तिनं मारली, "या गं बायांनो!" कोंबडी मालकाला वळसा घालून धावत आली आणि तिच्या पायाशी चोच आपटायला लागली.

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हिच्या डाव्या पायाचं मधलं नख तुटलंय, बघा. शेडच्या दारात अडकलं होतं, मीच हळद लावली. ही माझी कोंबडी आहे. तुमची मागे पिंजऱ्यात आहे."

बेकरीवाला मागे पळाला. परत आला तेव्हा एका काखेत त्याची कोंबडी होती आणि मुठीत तपकिरी अंडं.

"काळीच कोंबडी आणा, असं बाबा का सांगत होते, आता कळलं?" ती म्हणाली. "माझ्या सगळ्या काळ्याच आहेत. रात्री अदलाबदल केली की झालं."

"शाप लागेल!" बाबा ओरडले.

"पण रंग तर खरा आहे ना?" मागून कुणीतरी विचारलं.

तिनं बाबांच्या हातातलं अंडं घेऊन फोडलं आणि कवच वर धरलं. "खरा आहे. आतूनसुद्धा निळा. कोंबडीच्या पोटात कवच बनतानाच तो त्यात मुरतो. आईबापाकडून आलेला गुण आहे, तुमच्या मुलांना तुमचं नाक येतं तसा. मी निळ्या अंड्यातून निघालेला कोंबडा आणला, त्याच्या पिल्लांतल्या निळं घालणाऱ्या तेवढ्या ठेवल्या. बलक मात्र कुठल्याही अंड्यासारखाच. यानं साखर उतरत नाही! औषधं बंद केली असतील त्यांनी आज डॉक्टरांकडे जा. मी आधीच बोलायला हवं होतं."

बाबा उठेपर्यंत बेकरीवाला त्यांची वाट अडवून फाटकात उभा राहिला होता. शिंपीणकाकूंची मुलगी मात्र आईला दवाखान्यात न्यायला केव्हाच धावत सुटली होती.

त्याच दुपारी दादानं तिची पेटी रस्त्यावर ठेवली. बेकरीवाल्यानं तिला आणि कोंबड्यांना गोदामाचा एक कोपरा रिकामा करून दिला. तो अंधारा होता, कुबट होता, पण गोदामाच्या दाराची कडी आतून लागत होती.

चौथ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. काकू उशीला टेकून बसल्या होत्या, हाताला सलाइन.

"महिनाभर तुला माहीत होतं?"

"हो, काकू."

काकूंनी तोंड फिरवलं. ती तशीच बसून राहिली. भिंतीकडे बघतच काकू म्हणाल्या, "मग आता ती अंडी खायची की नाही?"

"खा. उकडून खा. पण आधी इंजेक्शन."